दादर स्टेशन आणि आजूबाजूचा परिसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला राहणाऱ्या माणसाला काही फोन ठरलेले असतात. कोकणातून, पुण्याहून, कल्याण-विरारकडून कुणीतरी निघालेलं असतं आणि प्रश्न बहुधा तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत आणि सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत लावलेत. एक गोष्ट आधीच सांगते. गाडीतून उतरण्यापूर्वी 'कोणती रेल्वे' आणि 'कोणती बाजू' एवढं ठरवून ठेवलंत, तर दादरची निम्मी धास्ती तिथेच संपते.

१. दादर ईस्ट, दादर वेस्ट, दादर सेंट्रल, दादर वेस्टर्न. ही चार स्टेशनं आहेत का?

स्टेशन एकच आहे. त्यातून मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वे शेजारून जातात. सेंट्रल आणि वेस्टर्न ही त्या रेल्वेंची नावं. ईस्ट आणि वेस्ट म्हणजे स्टेशनच्या दोन बाजूंची वस्ती. ईस्टला स्वामीनारायण मंदिर, दादर टी.टी., हिंदू कॉलनी. वेस्टला फुलबाजार, रानडे रोड, कबुतरखाना, प्लाझा सिनेमा आणि पुढे शिवाजी पार्क. पश्चिम रेल्वेचे रूळ वेस्टच्या बाजूला आहेत आणि मध्य रेल्वेचे ईस्टच्या. पण कल्याणहून मध्य रेल्वेने येऊन वेस्टला बाहेर पडायला काहीच हरकत नाही, पूल ओलांडला की झालं. गोंधळ होतो तो 'वेस्टर्न' आणि 'वेस्ट' यांत. कुणी 'दादर वेस्टला ये' म्हटलं तर ते बाहेरच्या रस्त्याबद्दल बोलतंय, गाडीबद्दल नाही.

२. फलाटांचे नंबर बदललेत म्हणे. माझ्या डोक्यात जुनेच आहेत.

बदललेत, ९ डिसेंबर २०२३ पासून. त्याआधी दोन्ही रेल्वेंचे नंबर एकपासून सुरू व्हायचे. त्यामुळे 'एक नंबरवर उभा आहे' असं सांगणारे दोघे दोन वेगळ्या फलाटांवर उभे असायचे. आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच आहेत आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झालेत. मध्य रेल्वेचा जुना १ आता ८ आहे. जुना २ उरलाच नाही, कारण त्याची जागा शेजारचा फलाट रुंद करण्यात गेली. जुना ३ झाला ९ आणि तिथून क्रमाने जुना ८ झाला १४.

एक खूण लक्षात ठेवा. १ नंबर दादर वेस्टला टेकलेला आहे आणि १४ नंबर ईस्टला. दोन्ही रेल्वेंत धीम्या गाड्या लहान नंबरांवर येतात, जलद गाड्या त्यापुढच्या नंबरांवर. १३ आणि १४ वर बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या असतात. तरी ऐन वेळी फलाट बदलतो. म्हणून पूल उतरण्याआधी, वरूनच इंडिकेटर बघा.

३. अंधेरीहून ठाण्याला जायचंय. दादरला उतरून पुन्हा तिकीट काढावं लागेल का?

नाही. अंधेरीला ठाण्याचंच तिकीट मागा, ते दादरमार्गे मिळतं आणि दोन्ही रेल्वेंवर चालतं. पासचंही तसंच, फक्त पासवर 'वाया' कोणतं स्टेशन छापलंय ते बघून घ्या. पास दादरमार्गे असेल आणि तुम्ही हार्बरने वडाळ्यावरून गेलात, तर तो चालणार नाही.

मोबाइलवर तिकीट काढत असाल तर घरून निघतानाच काढा. रुळांच्या अगदी जवळ आल्यावर अ‍ॅप ते तिकीट देत नाही आणि मग माणूस रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो.

४. त्याच तिकिटावर मध्ये दादरला बाहेर पडून खरेदी करून पुढे गेलं तर?

साध्या लोकल तिकिटावर असं थांबून पुढे जाता येत नाही. दादरला गेटबाहेर पडलात की तो प्रवास संपला, पुढे ठाण्यासाठी नवं तिकीट घ्या. पास असेल तर खुशाल उतरा. पासाच्या मार्गातल्या कुठल्याही स्टेशनवर उतरता-चढता येतं. साधं तिकीट घेऊन 'मी तर पूर्ण पैसे भरलेत' म्हणत तपासनिसाशी वाद घालणारे नेहमी दिसतात. त्यांची चीड समजते, पण नियम त्यांच्या बाजूने नाही. विनातिकीट सापडल्यास भाडं अधिक किमान २५० रुपये दंड आहे. दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन एसी लोकलमध्ये चढलात तरी दंड भरावा लागतो.

५. एका रेल्वेवरून दुसऱ्या रेल्वेवर जायला किती वेळ धरू?

दुपारी पाच मिनिटं पुरतात. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत दहा ते पंधरा धरा, सोबत सामान किंवा म्हातारं माणूस असेल तर वीस. पुढे लांब पल्ल्याची गाडी पकडायची असेल तर याहून बराच जास्त वेळ हाती ठेवा.

पूल एकाहून अधिक आहेत आणि सगळी गर्दी मधल्या पुलावर लोटते. डबा ज्या पुलाजवळ थांबला तोच पूल घ्या, मधल्यापर्यंत फलाटावरून चालत जाऊ नका. पुलावर चढलात की एका कडेने चालत राहा. फोन आला तर खाली उतरून घ्या. पावसाची सर आली म्हणून जिन्यातच थबकू नका. हे मी दरवेळी सांगते, त्याला कारण आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी दादरच्या पुढच्याच स्टेशनवर, परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) यांना जोडणाऱ्या पुलावर, अशाच पावसात खोळंबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. नोकरीला निघालेली माणसं होती ती.

६. सगळ्या लोकल दादरला थांबतात का? 'दादर लोकल' म्हणजे काय?

दोन्ही रेल्वेंच्या सगळ्या लोकल थांबतात, जलदही आणि धीम्याही. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं मात्र तसं नाही, थांबा आहे का ते तिकीट काढताना बघा. दादर लोकल म्हणजे दादरलाच संपणारी किंवा दादरहून सुटणारी गाडी. सुटणारी मिळाली तर बसायला जागा मिळण्याची बरी शक्यता असते. तिची वेळ माहीत करून ठेवणं नेहमीच्या प्रवाशाला फार उपयोगी पडतं.

७. आईला घेऊन पहिल्यांदाच गर्दीच्या वेळी दादरला उतरायचंय. भीती वाटते.

भीती वाटणं साहजिक आहे. जमलं तर अकरा ते चारच्या मधली वेळ निवडा. नसेल जमत तर हे करा.

जलद गाडीत असाल तर दादरच्या आधीचा थांबा गेला की लगेच उठा आणि दाराकडे सरका. पुढच्या माणसाला 'दादर उतरणार का?' विचारा. हो म्हणाला तर त्याच्या मागे उभ्या राहा, नाही म्हणाला तर 'पुढे येऊ द्या' म्हणून जागा बदलून घ्या. रोजचे लोक असंच करतात, त्यात संकोच नको. 'दादर कुठल्या बाजूला येणार?' हेही विचारून घ्या, फलाट कधी डावीकडे येतो, कधी उजवीकडे. आईला पुढे ठेवा आणि तुम्ही मागे राहा. पर्स आणि पिशवी पोटाशी. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली ठेवायचा नाही, मागून कितीही रेटा आला तरी. उतरल्यावर दारासमोर न थांबता चार पावलं बाजूला व्हा आणि लोंढा जाऊ द्या. दोन मिनिटांत फलाट मोकळा होतो.

लिफ्ट आणि सरकते जिने काही ठिकाणीच आहेत, तेव्हा ते कुठे आहेत हे आधी हमालाला किंवा पोलिसाला विचारा. सोबत मुलगा असेल तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला महिलांच्या डब्यात नेता येतं.

८. संध्याकाळी दादरला चढायलाच मिळत नाही. उलट सीएसएमटीला जाऊन तिथून बसून आलं तर चालतं का?

चालतं, पण तुमचं तिकीट किंवा पास सीएसएमटीपर्यंतचा हवा. दादर ते डोंबिवलीचा पास घेऊन सीएसएमटीपर्यंत 'रिटर्न' मारला, तर दादर-सीएसएमटी हा प्रवास विनातिकीट ठरतो. चर्चगेटच्या बाजूलाही हेच लागू. रोज असं जायचं असेल तर पासच पुढपर्यंतचा काढा. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला तासाभराच्या प्रवासात बसायला मिळणं ही चैन नव्हे, तेव्हा त्याचे थोडे जास्त पैसे जरूर द्यावेत.

९. गाडीने जायचंच नाही. ईस्टहून वेस्टला चालत जायचंय, तरी तिकीट लागतं का?

रेल्वेच्या पुलावर, म्हणजे फलाटांना जोडलेल्या पुलावर, तिकीट, पास किंवा फलाट तिकीट जवळ हवं. फलाट तिकीट १० रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. त्यावर गाडीत मात्र बसता येत नाही. फुकट जायचं असेल तर स्टेशनच्या उत्तरेकडचा टिळक पूल आहे. ईस्टला दादर टी.टी.पासून चढायचं आणि वेस्टला प्लाझा, कोतवाल उद्यानापाशी उतरायचं. रूळ ओलांडायचे नाहीत. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि जलद गाडी किती वेगाने येते याचा अंदाज फलाटावरून कुणालाच येत नाही.

१०. बाहेर आलो, एकही रिक्षा दिसत नाही.

दिसणार नाही. रिक्षांना माहीम आणि शीवच्या अलीकडे, म्हणजे शहरात, परवानगी नाही. दादरला काळी-पिवळी टॅक्सी, अ‍ॅपवरची टॅक्सी किंवा बेस्टची बस. टॅक्सीचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये. जवळच्या अंतराला टॅक्सीवाले नाही म्हणतात. अशा वेळी दोन-तीन टॅक्सी सोडून थोडं पुढे चालून विचारा किंवा शेअर टॅक्सीची रांग धरा.

११. टॅक्सीला दादर ईस्टहून वेस्टला इतका वेळ का लागतो?

कारण या भागात रूळ ओलांडायला गाड्यांना मोजकेच पूल आहेत. शंभरेक वर्षांच्या टिळक पुलाशेजारी नव्या पुलाचं काम सुरू झालं. त्यात दक्षिणेचा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ ला, शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी, पाडायला बंद केला. त्यावरची वाहतूक टिळक पुलाकडे आली. म्हणून शक्य असेल तर स्टेशनमधून चालत योग्य बाजूला या आणि मगच टॅक्सी करा. (पूल ओलांडण्याच्या तिकिटासाठी प्रश्न ९.)

१२. मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनातच आहे का?

नाही. भुयारी मेट्रो ३ चं दादर स्टेशन वेस्टला, गोखले रोडच्या बाजूला आहे, रेल्वे स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. ते मे २०२५ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कफ परेडपर्यंत सलग जाता येतं. विमानतळ किंवा बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जाणाऱ्यांना ही मोठी सोय झाली आहे. मेट्रोचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

१३. पुण्याला जाणारी शिवनेरी कुठून सुटते?

ईस्टहून, दादर टी.टी.च्या एशियाड स्टँडवरून. स्टेशनमधून ईस्टला बाहेर पडा आणि स्वामीनारायण मंदिरासमोरून टी.टी.कडे चालत जा. टॅक्सी लागत नाही. इथलं 'टी.टी.' म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून इथपर्यंतच आली. चौकाला खोदादाद सर्कल असंही म्हणतात. टॅक्सीवाल्याला दोन्ही नावं कळतात.

१४. तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट आहे. रात्री स्टेशनवर गेलो तर म्हणे गाडी कालच गेली!

हा प्रश्न दरवर्षी गणपतीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज रडवेला असतो. सावंतवाडीला जाणारी तुतारी दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर लगेच सुटते. बारा वाजले की तारीख बदलते. म्हणजे गुरुवारी रात्री जेवून निघणार असाल तर तिकीट शुक्रवारच्या तारखेचं हवं. ज्याच्या तिकिटावर गुरुवार छापलाय त्याची गाडी बुधवारच्या रात्रीच निघून गेलेली असते. तिकीट हातात आल्यावर घरातल्या दोघांनी मिळून तारीख आणि वार वाचा. बारा ते एकच्या दरम्यान सुटणाऱ्या प्रत्येक गाडीला हे लागू आहे.

१५. तिकिटावर 'डीआर' आहे, मित्राच्या तिकिटावर 'डीडीआर'. फरक काय?

डीआर म्हणजे मध्य रेल्वेचं दादर, डीडीआर म्हणजे पश्चिम रेल्वेचं. कोकण, पंढरपूर, शिर्डी, दक्षिण या बाजूच्या गाड्या डीआरहून. अजमेर, बिकानेरकडच्या डीडीआरहून. स्टेशन एकच असलं तरी सामानासकट या टोकाहून त्या टोकाला जायला लागणारा वेळ प्रश्न ५ मध्ये दिला आहे.

१६. दादर-रत्नागिरी पॅसेंजर कुठे गेली?

कोरोनानंतर ती दादरपर्यंत येत नाही, दिव्याहून सुटते. लालबाग, परळ, गिरगावातून गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना सामान आणि मुलं घेऊन आधी लोकलने दिवा गाठावं लागतं. गाडी पुन्हा दादरहून सोडावी ही मागणी सतत होत आली आहे आणि ती मला पूर्ण रास्त वाटते. कमी पैशांत, आरक्षणाशिवाय, गावाच्या छोट्या स्टेशनात उतरवणारी ती गाडी होती.

१७. टाटा हॉस्पिटलला यायचंय. दादरला उतरू की आणखी कुठे?

गावाहून लांब पल्ल्याच्या गाडीने येत असाल तर दादरलाच उतरा, परळला त्या गाड्या थांबत नाहीत. तिथून मध्य रेल्वेची सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल घेतली की पुढचंच स्टेशन परळ. टाटा, केईएम आणि वाडिया ही तिन्ही रुग्णालयं परळला जवळजवळच्या आवारांत आहेत. पेशंटला चालवत नसेल तर लोकलच्या भानगडीत पडू नका, दादर ईस्टला बाहेर येऊन टॅक्सी करा. वेस्टला बाहेर पडलात तर प्रश्न ११ मधल्या पुलांच्या रांगेत अडकाल. सकाळच्या ओपीडीसाठी येणाऱ्यांनी शक्यतो आठच्या आत दादर सोडावं.

१८. फुलबाजार किती वाजता भरतो? थोडी फुलं घेतली तर देतात का?

पहाटे चारच्या सुमारास घाऊक व्यवहार सुरू होतो आणि नऊपर्यंत ऐन भर असतो. जागा म्हणजे वेस्टला स्टेशनला लागून, सेनापती बापट मार्गावरची मीनाताई ठाकरे फुलमंडई आणि तिच्या आसपासचा रस्ता. झेंडू, शेवंती, गुलछडी, अ‍ॅस्टर किलोवर मिळतात, गुलाब जुडीवर. दूर्वा, बेल, तुळस आणि आंब्याचे टाळे घेऊन बसलेल्या बायका फुटपाथवर असतात. घरच्या पूजेपुरतं घ्यायचं असेल तर त्यांच्याकडे घ्या, मंडईतला व्यापारी पावशेरासाठी हात थांबवणार नाही.

भाव सणाच्या आदल्या दिवशी चढतो आणि पावसाने माल भिजला की कोसळतो. दसऱ्याचा झेंडू आदल्या संध्याकाळी घेणाऱ्याला महाग पडतो. दसऱ्याच्या दिवशी दुपारी तोच स्वस्त होतो, पण तोवर तोरणाची वेळ निघून गेलेली असते. मधला मार्ग म्हणजे दोन दिवस आधी पहाटे जाऊन घट्ट, न उमललेला झेंडू आणायचा आणि घरी पेपरवर पसरून ठेवायचा. लोकलमध्ये फुलांची मोठी पाटी न्यायची असेल तर मालडब्यात चढा.

१९. स्टेशनबाहेर फेरीवाले असतात की नाही? कधी रस्ता भरलेला, कधी रिकामा.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसायला मनाई केली. कारवाईची गाडी आली की रस्ता रिकामा होतो, ती गेली की पुन्हा भरतो. चालायला जागा हवी हे प्रवाशाचं म्हणणं खरं आहे. पण शेकडो घरं त्या विक्रीवर चालतात आणि रात्री आठला घरी निघालेल्या बाईला भाजी, रुमाल, मुलाची वही तिथेच परवडते, हेही तितकंच खरं आहे. नेमून दिलेली जागा मिळाल्याशिवाय हा लपंडाव संपणार नाही असं माझं मत आहे. पक्क्या दुकानांतच घ्यायचं असेल तर रानडे रोड आणि न. चिं. केळकर रोड धरा. साड्या, लग्नाचा बस्ता, पूजेचं सामान, मराठी पुस्तकं, सगळं चालत फिरण्याच्या अंतरात आहे.

२०. भूक लागली आहे आणि वीस मिनिटंच आहेत.

वेस्टला बाहेर पडा. छबिलदासच्या गल्लीत वडापाव, किंवा बसून खायचं तर स्टेशनसमोर १९१० पासूनचं मामा काणे यांचं उपाहारगृह. १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेरच वडापाव विकायला सुरुवात केली असं मानलं जातं, तेव्हा इथे तो खाण्यात वेगळंच समाधान आहे. तासभर असेल तर शिवाजी पार्कच्या बाजूला 'प्रकाश'चा साबुदाणा वडा आणि पियूष, किंवा 'आस्वाद'ची मिसळ. रविवारी सकाळी दोन्हीकडे नंबर लावून उभं राहावं लागतं.

२१. नाटकाला यायचंय. दादरलाच उतरायचं ना?

नाट्यगृहाचं नाव बघा. शिवाजी मंदिर असेल तर दादर वेस्ट. ते प्लाझासमोर आहे, चालत सात-आठ मिनिटं. यशवंत नाट्यमंदिर असेल तर पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड जवळ पडतं. रवींद्र नाट्यमंदिराला प्रभादेवी. तिन्हींना सरसकट दादर म्हणण्याच्या सवयीमुळे पहिला अंक चुकलेले बरेच प्रेक्षक आहेत. जिथे तुम्ही वडापाव खाल त्या गल्लीतल्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकं व्हायची आणि तिथूनच मराठी रंगभूमीचं एक अख्खं पर्व उभं राहिलं. नाटकवेड्यांनी तिथे क्षणभर थांबायला हरकत नाही.

२२. सिद्धिविनायकाला दादर बरं की प्रभादेवी?

धीम्या लोकलमध्ये असाल तर प्रभादेवी. जलद गाडीने येत असाल तर दादर वेस्टला उतरून बस किंवा शेअर टॅक्सी. मेट्रो ३ चं सिद्धिविनायक स्टेशन देवळाच्या सगळ्यात जवळ आहे. अंगारकीला टॅक्सीचा विचारच सोडा.

२३. ६ डिसेंबरला दादरला येणं शक्य असतं का?

शक्य असतं, फक्त तयारीने या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि राज्याबाहेरूनही लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी इथेच, दादरच्या चौपाटीवर, अंत्यसंस्कार झाले. स्टेशनपासून चैत्यभूमी साधारण दोन किलोमीटर आहे आणि बहुतेक लोक चालतच जातात. शिवाजी पार्कवर महापालिका राहण्याची, पाण्याची आणि वैद्यकीय सोय करते. ५ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर जादा लोकल सोडतात. त्यांच्या वेळा आदल्या दिवसांत जाहीर होतात.

अनुयायांनी लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. ईस्टला हिंदू कॉलनीतलं राजगृह, म्हणजे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथसंग्रहासाठी मुद्दाम बांधून घेतलेलं घर, अनेक जण याच फेरीत पाहतात. आणि शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल बघा. दोन दिवसांच्या प्रवासाने थकलेली माणसं गाठीचे पैसे मोडून पुस्तकं घेतात, असं दुसरीकडे क्वचित दिसतं.

ज्यांना या दिवशी फक्त गाडी बदलायची आहे त्यांनी पुलावर पोलिस सांगतील त्या दिशेने चालावं आणि प्रश्न ५ मधली वेळ दुप्पट धरावी.

२४. ईस्टला इतके रुंद रस्ते आणि झाडं, वेस्टला स्टेशनबाहेर पाऊल ठेवायला जागा नाही. असं का?

१८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीचा जोर कमी करावा म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंगा-वडाळा-शीव हा पट्टा आखून वसवला. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, पाच उद्यानं ही त्यातली. वेस्टलाही शिवाजी पार्कभोवती आखीव वस्ती आहेच. १९२५ मध्ये हे मैदान माहीम पार्क म्हणून खुलं झालं, १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं. स्टेशन आणि शिवाजी पार्क यांच्यामधला पट्टा मात्र बाजाराचा, म्हणून तुम्हाला दिसते ती दाटी.

२५. दादरला भेटायचं कुठे? 'पुलाखाली' म्हटलं की चुकामूक होते.

पूल अनेक आहेत, त्यांच्या दोन-दोन बाजू आहेत, म्हणून 'पुलाखाली' सांगूच नका. ईस्टला स्वामीनारायण मंदिराचं गेट सांगा. वेस्टला प्लाझा किंवा कबुतरखाना. कबुतरखाना २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर महापालिकेने ताडपत्री घालून बंद केला आणि त्यावरून आंदोलनंही झाली. पण पत्ता म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेशनच्या आत भेटायचं असेल तर फलाटाचा नवा नंबर (प्रश्न २) आणि कोणत्या टोकाला, हे दोन्ही सांगा.

२६. रविवारी मेगाब्लॉक आहे. दादरहून गाडी मिळेल?

बहुधा मिळेल, पण तुमच्या स्टेशनवर थांबेलच असं नाही. मध्य रेल्वेचा ब्लॉक अनेकदा माटुंगा ते मुलुंड असतो. तेव्हा धीम्या गाड्या माटुंग्यापासून जलद मार्गावरून जातात आणि शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड एवढ्याच ठिकाणी थांबतात. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला जायचं असेल तर पुढे जाऊन मागे यावं लागतं किंवा बस धरावी लागते. ब्लॉकची बातमी शनिवारच्या पेपरात येते. लग्नामुंजीचा मुहूर्त गाठायचा असेल तर ती वाचूनच निघा.

२७. जोराचा पाऊस आहे. दादरपर्यंत यावं का?

भरतीची वेळ आणि पाऊस एकत्र आले असतील तर कामाच्या ठिकाणीच थांबा. ईस्टला हिंदमाता आणि टी.टी.चा भाग सखल आहे. हिंदमातासाठी महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर उतरतं, तरी मोठ्या पावसात ते साचतंच. मध्य रेल्वे बहुतेक वेळा शीव-कुर्ला पट्ट्यात अडते. तेव्हा पश्चिम रेल्वे चालू असेल, तर घाटकोपरच्या माणसाला दादरहून अंधेरी आणि तिथून मेट्रोने घाटकोपर असा वळसा घेता येतो. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली तर रुळांवर उतरायची घाई करू नका, शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते. आणि साचलेल्या पाण्यातून चालताना रस्त्याच्या मधोमध झेंडा किंवा काठी खोचलेली दिसली तर समजा, तिथलं झाकण उघडं आहे.

२८. बॅग लोकलमध्येच राहिली. आता?

गाडी कुठली, किती वाजताची, जलद की धीमी, आणि तुम्ही पुढून की मागून कितव्या डब्यात होता, हे आधी आठवून कागदावर लिहा. मग लगेच त्या रेल्वेच्या स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जा. मध्य रेल्वेची गाडी असेल तर पश्चिमेच्या ऑफिसात वेळ घालवू नका. ते पुढच्या स्टेशनला कळवू शकतात. दुसरीकडे १३९ वर फोन करा. चोरीचा संशय असेल तर रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. शेवटच्या स्टेशनवर जाऊन विचारायचंही सोडू नका. डब्यातल्या कुणीतरी बॅग उचलून तिथे जमा केली, असे फोन मला पुष्कळदा आले आहेत.